विंडोज टाकायच्या आधी डोंगलला विचारा

ताई, उद्या लॅपटॉप दुकानात नेऊ नका. निदान हे वाचून होईपर्यंत तरी थांबा.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. जुना घेतलेला लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट, दिरांनी दिलेला हुआवेईचा थ्रीजी डोंगल (सिम घालून यूएसबीत लावायचा, नेटसाठी). लावला की आधी सीडीचं चित्र येतं, मग नेटवर्कच्या यादीत मोबाईल ब्रॉडबँड दिसतं, पण क्लिक केलं की दहा-बारा सेकंद फिरतं आणि ‘डिस्कनेक्टेड’. सिम कंपनीच्या ऑफिसात विचारलंत तर ‘लिनक्सवर आमचं चालत नाही, विंडोज टाकून घ्या’ असं सांगितलं. दुकानदार ८०० रुपये घेणार आहे, आणि लेकीचे फोटो व शाळेच्या फायली ‘बहुतेक राहतील’ म्हणतोय. फोन दिवसभर तिच्या बाबांबरोबर बाहेर असतो, म्हणून लेकीच्या ऑनलाइन वर्गासाठी घरात डोंगल हवाय.

ते ‘बहुतेक राहतील’ वाचलं आणि जेवण तसंच ठेवून लिहायला बसलो.

२०११ चा पावसाळा. राजापूर तालुक्यात आमचं घर, लँडलाईन महिनोन् महिने बंद, आणि थ्रीजी नुकतंच तालुक्याच्या गावात आलेलं. मी हुआवेईचा ई१५५० डोंगल आणि नवीन सिम घेतलं. कॉम्प्युटरवर उबुंटू होतं, तेही लिनक्सच. पहिली अडचण सगळ्यांना येते तीच आली: डोंगल मोडेम म्हणून दिसेना, नुसती सीडी दिसायची. कारण हे डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्हचं सोंग घेतात, म्हणजे विंडोजला त्यातूनच सॉफ्टवेअर मिळावं. लिनक्समध्ये यूएसबी-मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्राम त्याला निरोप पाठवतो, की सोंग पुरे, आता मोडेम हो. जोसुआ डीट्झे नावाच्या जर्मन माणसाने तो लिहिला आणि आजही जगभरचे डोंगल त्याच्यावर चालतात. त्या माणसाचे माझ्यावर खरंच उपकार आहेत.

पण तो प्रोग्राम आणायला नेट हवं, आणि नेटसाठी तो प्रोग्राम हवा. एसटीने तालुक्याला जायचं, सायबर कॅफेत पेनड्राइव्हवर पॅकेज घ्यायचं, घरी यायचं. घरी आल्यावर तो म्हणाला टीसीएल (त्याला लागणारं आणखी एक पॅकेज) पाहिजे. दुसऱ्या दिवशी परत एसटी. तुम्हाला हा फेरा नाही. रात्री फोन घरी आला की यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये टेदरिंग (फोनचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा, लिनक्स ते विनातक्रार ओळखतं. जे काही उतरवायचं ते तेव्हा उतरवून घ्या.

असो. मोडस्विच बसलं, डोंगलचा यूएसबी ओळखक्रमांक १२डी१:१४४६ चा १२डी१:१००१ झाला, मोडेमशी बोलायचे तीन सिरियल पोर्ट उगवले. इथे लिनक्सचं काम संपलं होतं. मला ते कळलं नाही, माझं सगळं नुकसान तिथून सुरू झालं.

डायल केलं की ‘नो कॅरियर’, म्हणजे जोडणी झालीच नाही. एपीएन (कंपनीच्या डेटा नेटवर्कचं नाव) बदलून पाहिलं, युजरनेम टाकून आणि काढून पाहिलं, कुठून कुठून आणलेल्या इनिट ओळी (मोडेमला सुरुवातीला द्यायच्या आज्ञा) घातल्या. कंपनीच्या ऑफिसात पाच खेपा झाल्या. (नाव लिहीत नाही, लिहून आता काही उपयोगही नाही.) काचेमागचा माणूस दर वेळी एकच विचारायचा, ‘विंडोज आहे का?’ नाही म्हटलं की पुढचं ऐकायचा नाही. सिमचा नंबरसुद्धा त्याने कधी टाकून पाहिला नाही. कीबोर्ड समोर होता, दहा आकडे टाकायचे होते. पाचव्या खेपेला म्हणाला, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्येच प्रॉब्लेम आहे, विंडोज टाका आणि मग या.’ आणि मी त्याचं ऐकलं.

मित्राकडून विंडोजची सीडी आणली. रात्री अकराच्या सुमारास लावली. विंडोजच्या इन्स्टॉलरला लिनक्सची पार्टिशनं वाचता येत नाहीत, तो त्यांना ‘अननोन’ म्हणतो. जागा कमी दाखवत होता. मला वाटलं, अननोन म्हणजे जुनं काहीतरी पडलंय. डिलीट केलं.

त्यात बाबांचा बागेचा हिशेब होता. आमची ६० कलमं. कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, फवारणी कधी झाली, किती पेट्या उतरल्या, वाशीला काय भाव लागला, सगळं झाडाच्या नंबरावर. २००७ पर्यंतचं बाबांच्या वह्यांत होतं. २००८ पासून ते संध्याकाळी ओटीवर बसून सांगायचे आणि मी थेट कॉम्प्युटरवर लिहायचो, वही बंद झाली होती. २०१० च्या हंगामाचा कागद कर्जासाठी बँकेला दिला होता, त्याची झेरॉक्स मिळाली. २०११ चं बाबांनी आठवून आठवून परत सांगितलं. २००८ आणि २००९ गेले ते गेलेच. त्या दोन रकान्यांत आजही साठ ओळी नुसती रेघ आहे. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

आणि विंडोज टाकल्यावर काय झालं? मोबाईल पार्टनर (डोंगलच्या सीडीतलं सॉफ्टवेअर) उघडलं, कनेक्ट दाबलं, आणि तसंच तुटलं.

गणपतीत भाचा आला. त्याने सिम डोंगलमधून काढून आपल्या फोनमध्ये घातलं. फोनवरही नेट उघडेना. पाच मिनिटांत निकाल लागला. ते घेऊन ऑफिसात गेलो, सुदैवाने काचेमागे दुसरी मुलगी होती. तिने नंबर टाकला आणि म्हणाली, ‘काका, यावर डेटा चालूच केलेला नाही, फक्त व्हॉइस आहे.’ तिने तो चालू केला. संध्याकाळी घरी नेट आलं. पुढच्या आठवड्यात उबुंटू परत टाकलं तर जुन्याच सेटिंगवर पहिल्या झटक्यात लागलं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की डोंगलला विचारल्याशिवाय लिनक्सला हात लावू नका. तुमच्या यादीत मोबाईल ब्रॉडबँड दिसतंय, याचा अर्थ मोडस्विचने त्याचं काम केलंय. सीडीचं चित्र सोडून द्या, ते यायचंच. तुमची गाठ त्याच्या पुढे अडकली आहे.

विचारायचं कसं ते सांगतो. आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर रोमन अक्षरांत टाका. आधी ‘एमएमसीएलआय -एल’ (हा एल कॅपिटल). मोडेमची एक ओळ येईल, तिच्यात ‘मोडेम/’ च्या लगेच पुढे आकडा असेल, समजा ०. मग ‘एमएमसीएलआय -एम ०’ (इथला एम लहान). मोठा तक्ता येईल. त्यातल्या तीनच गोष्टी बघा. ‘स्टेट’ला ‘लॉक्ड’ दिसलं तर सिमला पिन आहे. अंदाजाने टाकू नका, तीनदा चुकलं की पीयूके (सिम उघडायचा कंपनीचा कोड) मागतं. ‘सिग्नल क्वालिटी’ अगदी दहा-पंधरा टक्के असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी खिडकी गाठा. आणि ‘रजिस्ट्रेशन’समोर ‘होम’ किंवा ‘रोमिंग’ हवं. ‘सर्चिंग’ म्हणजे टॉवर सापडत नाहीये. ‘डिनाइड’ म्हणजे टॉवर सापडला, पण कंपनीच तुम्हाला आत घेत नाहीये.

माझ्या वेळी हे मोडेमच्या पोर्टवर मिनिकॉम (मोडेमला थेट आज्ञा द्यायचा प्रोग्राम) लावून विचारावं लागायचं. ‘एटी+सीआरईजी?’ विचारलं की आवाजाच्या नेटवर्कची नोंद कळते, ‘एटी+सीजीआरईजी?’ने डेटाची. मी नंतर कुतूहलाने एका डेटा बंद असलेल्या सिमवर बघितलं: पहिल्याचं उत्तर ०,१ आणि दुसऱ्याचं ०,३. एक म्हणजे नोंद झाली, तीन म्हणजे नाकारली. माझ्या तीन महिन्यांचं उत्तर त्या एका आकड्यात होतं, आणि डोंगल ते पहिल्या दिवसापासून सांगायला तयार होता. तुम्ही हे करून पाहिलंत तर ‘एटी+सीएसक्यू’ही विचारा, तो सिग्नल ० ते ३१ मध्ये देतो. दहाच्या खाली असेल तर आशा कमी. ९९ म्हणजे त्याला काहीच कळत नाहीये.

आता एक गोष्ट जी माझ्या वेळी नव्हती. तुमचा डोंगल फक्त टूजी-थ्रीजीचा आहे. सिम कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. जिओचं असेल तर हा डोंगल कधीच चालणार नाही, कारण जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्रीजी बंद करायला सुरुवात केली, त्यामुळे एअरटेलवर तुम्ही टूजीवर जाल, आणि टूजीवर मुलीचा ऑनलाइन वर्ग होणार नाही. बीएसएनएल असेल तर तुमच्या टॉवरवर थ्रीजी अजून आहे का, ते एखाद्या फोनमध्ये नेटवर्क ‘फक्त थ्रीजी’ करून बघा. म्हणजे ऑफिसवाल्याचं ‘चालत नाही’ खरं ठरू शकतं, पण कारण लिनक्स नसेल, आणि विंडोज टाकून त्यात काडीचाही फरक पडणार नाही. ८०० रुपये आणि फोटो मात्र जातील.

सिम फोनमध्ये घालून बघणं तर आज रात्रीच करा. तिच्या बाबांचा फोन घरी आला की वायफाय बंद करून पाच मिनिटं. फोनवर नेट लागलं तर तिथली एपीएनची नोंद जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या आणि मिंटच्या कनेक्शनमध्ये तीच टाका. माझ्या मते निम्म्या लोकांचं इथेच सुटतं. अर्थात मी इंजिनिअर नाही, प्राथमिक शाळेत शिकवतो आणि बाग सांभाळतो, तेव्हा अधिक जाणणाऱ्याने दुरुस्ती केली तर त्याचंच ऐका.

ज्या गोष्टी करू नका म्हणेन त्या दोन. डोंगलच्या सीडीत ‘लिनक्स’ नावाचा फोल्डर असतो, त्यातलं इन्स्टॉल सुडो लावून (म्हणजे पूर्ण अधिकार देऊन) चालवू नका. ते जुन्या काळचं आहे, आणि मिंटमध्ये जे आधीच नीट चाललंय त्यात ते लुडबुड करतं. दुसरं, कुणी ‘एटी^यू२डायग’ देऊन सीडी कायमची बंद करायला सांगेल. सीडी तुमच्या आड येत नाहीये, मग डोंगलच्या पोटात हात कशाला घालायचा? आणि डब्ल्यूव्हीडायल (डायल करायचा जुना प्रोग्राम) वापरायचंच असेल तर आधी मोडेममॅनेजर (मिंटमध्ये मोडेम सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, दोघं एकाच पोर्टसाठी भांडतात. पण मिंटवर त्याची गरज पडू नये.

डोंगल शेवटी निरुपयोगीच ठरला तर फोरजीचा घ्या, आणि शक्यतो हायलिंक प्रकारचा, हुआवेईचा ई३३७२ त्या प्रकारात मिळतो. तो लिनक्सला सरळ नेटवर्क कार्डासारखा दिसतो, डायल करायची भानगडच नाही. ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडून सगळं बघता येतं. मात्र कंपनीच्या लॉकचा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. अनलॉकचा कोड विकणाऱ्यांच्या नादी लागून पैसे घालवलेले लोक मी पाहिलेत.

आणि काहीही करायच्या आधी, अगदी आज, लेकीचे फोटो आणि फायली पेनड्राइव्हवर उतरवा. तो पेनड्राइव्ह दुसऱ्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर उघडून बघा, फोटो खरंच दिसतात का ते. मगच पुढचं.

सिग्नल कमी निघाला तर एक्स्टेंशन केबल घ्या, पण दीड मीटरच्या आतली आणि जाड. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून जेमतेम ५०० मिलिअँपिअर मिळतात, लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेजही उतरतं आणि डोंगल मधेच झोपतो. माझा मी पूर्वेच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला होता, वरून दुसऱ्या आडव्या पट्टीला. खालच्या पट्टीला सिग्नल ६ यायचा, तिथे १७. एका वितीचा फरक. वीज कडाडायला लागली की मात्र तो काढून आत घ्यायचा, हे बाबांनी लावलेलं वळण.

सिम कुठल्या कंपनीचं, आणि त्या तक्त्यातल्या ‘स्टेट’, ‘सिग्नल क्वालिटी’, ‘रजिस्ट्रेशन’ या तीन ओळी इथे लिहा. तक्त्यात ‘इक्विपमेंट आयडी’ म्हणून लांब आकडा असतो, तो लिहू नका, डोंगलचा आयएमईआय, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असतो तो. उद्या शाळा सुटल्यावर पाचनंतर मी बघतो.