चीट म्हणजे डिसीव्ह नव्हे

धरमपेठेतून एका ताईंनी विचारलंय: लेकीच्या इंग्रजीच्या वहीत ‘चीट = डिसीव्ह = बिट्रे’ असं लिहून दिलंय, मग तिच्या ‘माय आईज चीटेड मी’ या वाक्यावर फुली का?

फुली योग्यच आहे, ताई. चूक त्या बरोबरच्या चिन्हाची आहे. डिसीव्ह म्हणजे खोटं ते खरं भासवणं. ते डोळेही करतात. चीट करायला लबाडी लागते आणि तिच्यातून काहीतरी उपटायचं असतं. डोळ्यांना काय उपटायचंय? म्हणून ‘माय आईज डिसीव्ह्ड मी’.

त्याहून डोकं उठतं ते ‘ही डिड चीटिंग विथ मी’ ऐकून. आपण नागपुरात ‘माझ्यासोबत चीटिंग केली’ म्हणतो, तेच इंग्रजीत ढकललेलं. इंग्रजी कानाला ‘चीटेड विथ मी’ म्हणजे जोडीदाराला फसवून माझ्याशी संबंध ठेवले! ‘ही चीटेड मी’ एवढं पुरे. काय गेलं ते सांगायचं असेल तर ‘आउट ऑफ’ लावा: ‘दे चीटेड हर आउट ऑफ हर शेअर’, तिचा हिस्सा लबाडीनं लाटला.

हिस्सा मुद्दाम घेतला, कारण या शब्दाचं मूळच इस्टेटीत आहे. चीट हे ‘एस्चीट’चं झिजलेलं रूप. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन ‘काडेरे’, म्हणजे पडणं. वारस न ठेवता माणूस मेला की त्याची जमीन वरच्या सरदाराच्या किंवा राजाच्या पदरात पडायची. पाहा, मराठीतही पदरात पडतंच! ती ताब्यात घ्यायला इंग्लंडच्या राजाचे अधिकारी असत, एस्चीटर. वारस हयात असतानाही जमिनी बळकावण्यात ते इतके बदनाम झाले की सोळाव्या शतकाअखेर चीट म्हणजे फसवणं ठरलं.

काही अभ्यासक हा अर्थ चोर-जुगाऱ्यांच्या बोलीतून आला म्हणतात. मला मुळीच पटत नाही. चोरांनी शब्द उचलला असेल, त्याला काळिमा फासला तो सरकारी माणसांनी. आणि कॉपीच्या ‘चिट’वरून चीट आला असं सांगणारे क्लासवाले तर निव्वळ थापा मारतात. चिट आपल्या चिठ्ठीवरून कंपनीच्या काळात इंग्रजीत गेला. चीट त्याआधी कित्येक पिढ्या तिथे नांदत होता.

नागपूरकराला हा शब्द घोकावा लागू नये. 11 डिसेंबर 1853 ला तिसरे रघुजी भोसले वारले, पोटी मुलगा नव्हता. डलहौसीनं दत्तकाचा हक्क मानला नाही आणि 1854 मध्ये राज्य खालसा केलं. कंपनी त्याला ‘लॅप्स’ म्हणाली, पण न्याय तोच एस्चीटचा: वारस नाही, तर वरच्याचं. राजघराण्यातल्या राणी बांकाबाईंचा विरोध कुणी जुमानला नाही. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला मातीमोल भावानं विकले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. लेकीच्या वहीत हेच लिहा: ‘द कंपनी चीटेड द भोसलेज आउट ऑफ देअर किंगडम’. दहा समानार्थी शब्द पाठ करण्यापेक्षा हे एक वाक्य मोलाचं. अर्थ, शब्दयोगी अव्यय आणि व्युत्पत्ती तिन्ही त्यात आहेत.

बिट्रे राहिलाच. त्यात विश्वासघात असतो, किंवा लपलेलं नकळत उघड होणं. ‘हिज व्हॉइस बिट्रेड हिज फिअर’: आवाजावरून भीती कळली. इथे चीट घालून पाहा, वाक्य उभंच राहत नाही.