एमबीबीएसनंतर स्पोर्ट्स मेडिसिन करून सैनिकांच्या फिटनेसवर संशोधन करणं, हे करिअर म्हणून कसं आहे?

तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीमुळे लिहायला बसलो. "घरचे म्हणतात ऑर्थो कर, खेळाच्या डॉक्टरला कोण विचारतं?" आमच्या घरी हे वाक्य पंचवीसेक वर्षं दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर येतं. म्हणणारा माझा सख्खा थोरला भाऊ, सोलापुरातला ऑर्थोपेडिक सर्जन. तेव्हा माझ्याकडून निःपक्षपाती उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

आधी कोरडी माहिती. नीट पीजी देऊन एमडी स्पोर्ट्स मेडिसिन, तीन वर्षं, देशभरात जागा मोजक्या. सैनिकांवरच काम करायचं असेल तर पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत डिप्लोमा आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशन घेऊन आर्मी मेडिकल कोअरमध्ये गेलात तर आधी पाच वर्षं, वाढवत वाढवत चौदापर्यंत. उंचावर, थंडीत, उन्हात सैनिकाच्या शरीराचं काय होतं यावर काम करायचं असेल तर दिल्लीत डीआरडीओची, म्हणजे संरक्षण संशोधन संस्थेची, डिपास ही प्रयोगशाळा आहे. फी, कटऑफ, तारखा तुम्ही शोधालच.

मी या वाटेला लागलो ते आवडीने वगैरे नाही.

१९९९ साल. नुकताच एमबीबीएस होऊन अशोक चौकाच्या बाजूला भाड्याच्या गाळ्यात दवाखाना टाकला होता. रुग्ण म्हणजे बहुतेक लूमवरचे कामगार आणि त्यांची घरची माणसं. एका संध्याकाळी एकोणीस वर्षांचा पोरगा आला, बरोबर वडील, शर्टाला सुताचे तंतू चिकटलेले. "नडगी दुखतीय डॉक्टर. आधी पळताना दुखायची, मग पळून झाल्यावर पण. आता रात्री पण." सैन्यभरती आठ दिवसांवर आली होती. पोरगा आधी अधूनमधून पळायचा. भरतीची तारीख लागल्यावर पहाटे आणि संध्याकाळी असं दोन वेळा अक्कलकोट रोडने एमआयडीसीपर्यंत जाऊन यायला लागला, पायात कॅनव्हासचे बूट. दीड महिना.

या चार वाक्यांत अख्खं निदान होतं. आज माझ्या हाताखालची फिजिओथेरपिस्ट हे फोनवरच ओळखते. मी तेव्हा एक्स-रे काढायला पाठवलं. एक्स-रे स्वच्छ. तरी मनात पाल चुकचुकली, म्हणून रात्री घरी जेवताना दादाला दाखवला. त्याचा उजवा हात आमटीत होता, म्हणून त्याने डाव्या हाताने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. पाच सेकंद, फार तर. "काही नाही बे. पळू दे की."

दुसऱ्या दिवशी मी पोराला डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी आणि क्रेप बँडेज देऊन पाठवला. नडगीवरून अंगठा दाबत खाली आणला नाही. एका पायावर उडी मारायला सांगितलं नाही. दोन्हीला मिळून एक मिनिट लागतं.

भरतीत एक मैल पळायचं होतं. तिसऱ्या फेरीत तो पडला. बरोबरची पोरं सांगत होती, उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. सोलापूरला आणला, दादाने रॉड घातला. फार सुंदर ऑपरेशन, आजही म्हणेन. वडील दादाच्या पाया पडले. रात्री घरी दादा म्हणाला, "बघ, शेवटी माणूस आमच्याच टेबलावर येतो."

दोन दिवसांनी वडील माझ्या गाळ्यात आले. मला वाटलं भांडायला आले. ते स्टुलावर बसले, जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फोटोत तर काही नव्हतं ना साहेब?" मी म्हटलं, नव्हतं. "मग झालं," म्हणाले आणि गेले. मला आरोप परवडला असता. त्या माणसाने मला माफ करून टाकलं आणि मी काय केलं होतं ते त्याला ठाऊकच नव्हतं.

नंतर वाचायला लागलो. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवार ताण पडून हाडाला गेलेला बारीक तडा, सुरुवातीचे दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, हे पुस्तकात सरळ छापलेलं होतं. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने १८५५ मध्येच लिहून ठेवलं होतं की लांब पल्ल्याच्या मार्चनंतर सैनिकांची पावलं सुजतात, दुखतात. हाडाला तडा जातो हे त्याला कळलं नव्हतं, कारण एक्स-रेचाच शोध १८९५चा. पण मार्चचा आणि सुजेचा संबंध त्याने लावला. माझ्या हातात एक्स-रे होता आणि मी पोराने किती दिवसांत किती वाढवून पळायला घेतलं ते विचारलं नाही. म्हणजे त्याने आपणहून सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.

गाळा दीड वर्षात बंद केला. कमिशन घेतलं, पुढे स्पोर्ट्स मेडिसिन केलं आणि बरीच वर्षं रिक्रूटांच्या, म्हणजे नव्याने भरती झालेल्या पोरांच्या, पायांत घालवली. संशोधन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ट्रेडमिल, मास्क, तारा येत असतील. तेही असतं. पण खरं काम म्हणजे रजिस्टर. कोणत्या आठवड्यात कोण लंगडला, त्याआधी किती पळाला, किती झोपला, घरी असताना काय काम करायचा. हाडावर ताण वाढला की आधी जुनं हाड खरवडलं जातं आणि नवं मागाहून भरलं जातं. मधल्या काही आठवड्यांत हाड उलट नाजूक असतं आणि नेमकं तेव्हाच उस्तादाला, म्हणजे कवायत घेणाऱ्याला, वाटतं की पोरं आता रुळली, वाढवा. एका प्रशिक्षण केंद्रात मी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातलं पळणं कमी करून मागितलं. अधिकारी म्हणाले, "डॉक्टर, शत्रू तुमचा चौथा आठवडा बघून थांबणार आहे का?" दोन बॅचेसपुरतं दिलं. लंगडणारे कमी झाले. मग अधिकारी बदलले, नव्यांनी जुनं वेळापत्रक परत आणलं. त्यांना दाखवायला माझ्याकडे काय होतं? न मोडलेले पाय. त्यांचा फोटो निघत नाही.

बाहेरच्या सैन्यांचे अभ्यास मात्र तेव्हा उशाशी असायचे. ऑस्ट्रेलियात २००० साली १,५३८ रिक्रूटांवरचा अभ्यास आला: व्यायामाआधी स्ट्रेचिंग केलं काय नि न केलं काय, दुखापतींत फरक नाही. फरक पडला तो मुळात फिटनेस किती होता याने. हे आमच्या एका पीटी मास्तरांना सांगितलं तर ते आठवडाभर बोलले नाहीत. इस्रायलच्या सैन्याने पंचवीस वर्षं भलभलते उपाय करून पाहिले. शेवटी रात्रीची किमान सहा तास झोप आणि मार्चचं एकूण अंतर कमी करणं, या दोन्हींनी स्ट्रेस फ्रॅक्चर निम्म्याहून खाली आले. झोप! सोलापुरातल्या कुठल्याही भरती अकॅडमीत जाऊन हे सांगा, हसतील. पोरांना साडेतीनला उठवणं ही तिथे अभिमानाची गोष्ट आहे. मला विचाराल तर तो अडाणीपणा आहे.

आणि हे काम सैन्यापुरतं राहत नाही. केनेथ कूपर अमेरिकेच्या हवाई दलातला डॉक्टर. बारा मिनिटांत माणूस किती अंतर पळतो यावरून त्याचं हृदय-फुप्फुस किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा अंदाज बांधता येतो, हे त्याने १९६८ मध्ये हवाई दलातल्या ११५ जणांवर दाखवलं. लागतं काय, तर घड्याळ आणि मैदान. पार्क स्टेडियमवर आज जो कोणी फेऱ्या मोजत पळतो तो कूपरचा देणेकरी आहे. १९७० मध्ये नोकरी सोडून त्याने डॅलसला निरोगी माणसं तपासायचं केंद्र काढलं. निरोगी माणसं! दादाच्या भाषेत, धंद्याचं डोकं नसलेला माणूस.

माझ्याकडे आता येतात त्यांत निवृत्त जवान बरेच. चाळिशीच्या आत घरी आलेले, पंधरा-सतरा वर्षं रोज पीटी केलेले, आता सिक्युरिटीच्या खुर्चीवर बसून शुगर दोनशेच्या वर. "साहेब, आमचा बेस पक्का आहे." नसतो. पॅफेनबार्गर या अमेरिकन संशोधकांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात कॉलेजात खेळाडू असणं पुढे कामी आलं नव्हतं, नंतरही हलत राहिले त्यांनाच फायदा झाला. हे सांगून मी फी घेतो तेव्हा लोकांना वाटतं, डॉक्टरने काही केलंच नाही.

दादाचा हुकमी एक्का म्हणजे कोटणीस. सोलापूरचा डॉक्टर, १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेला, १९४२ मध्ये बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारला. "भैय्या चौकात स्मारक कुणाचं आहे? हातात सुरी धरणाऱ्याचं. तुझ्या रजिस्टरचं कोण बांधणार?" याचं उत्तर मला पंचवीस वर्षांत सापडलेलं नाही. फक्त एवढंच म्हणतो की गोळी लागलेल्या सैनिकाला सर्जनच लागतो, पण माझ्या रजिस्टरमधल्या एकालाही गोळी लागली नव्हती. ती पोरं पळून मोडली होती, आपल्याच मैदानावर, आपल्याच माणसांनी पळवून.

हां, काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पैसा ऑर्थोच्या जवळपासही नाही. दादाचा जुळे सोलापुरात बंगला आहे, माझा फ्लॅट आहे. सैन्यात राहून केलेला अभ्यास बाहेर छापायला परवानगी लागते, ती महिनोन् महिने अडकते. बदली झाली की अर्धवट रजिस्टर दुसऱ्याच्या हवाली करून निघायचं. मुलगी असाल तर एक जास्तीचं सांगतो: मुलींना सैन्यात स्ट्रेस फ्रॅक्चरचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो आणि आपल्याकडे त्यावरचं काम फार थोडं आहे. ही मोकळी जागा आहे, घ्या. आणि ऑर्थो करून मग स्पोर्ट्सकडे वळणारेही आहेत. तो मार्ग वाईट नाही, हे मी दादासमोर कबूल करणार नाही.

दादा हे वाचणार, कारण पुतण्या त्याला लिंक पाठवतो. तर दादा, दर दिवाळीला तू टेबलाचं सांगतोस, आमटीचं सांगत नाहीस. मीही कधी काढलं नाही, कारण बोट तुझ्याकडे केलं की बाकीची माझ्याकडे येतात. तू वाचलंस ते चूक नव्हतं. ती फिल्म अजून माझ्या कपाटात आहे. गेल्या महिन्यात व्ह्यूबॉक्सवर लावून, दोन्ही हात मोकळे ठेवून, बराच वेळ बघितली. खरंच काही दिसत नाही.