विंडोज सर्व्हरचा क्रॅश डंप (कोसळताना मेमरीत असलेला मजकूर तपासासाठी जपणारी फाइल) थेट नेटवर्क शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरील सामायिक फोल्डरमध्ये, लिहिता येतो का?
नाही. जागेच्या टंचाईमुळे पेजफाइल (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेली फाइल) सी ड्राइव्हवरून काढून डंपसाठी शेअरचा मार्ग दिला असेल, तर सर्व्हर कोसळल्यावर हाती काही न लागणे अपेक्षितच आहे. स्टॉप एरर (विंडोज बंद पाडणारी, निळ्या पडद्याची चूक) आल्यावर नेटवर्क यंत्रणा भरवशाची राहत नाही. म्हणून कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, मेमरीतील मजकूर बूट व्हॉल्यूमवरील (विंडोज असलेल्या, सहसा सी ड्राइव्हवरील) पेजफाइलमध्ये लिहितो आणि मेमरी डॉट डीएमपी ही फाइल पुढच्या बूटनंतर त्यातूनच तयार होते. संपूर्ण डंपसाठी ती पेजफाइल रॅमपेक्षा 257 एमबीने मोठी लागते. 128 जीबी रॅमच्या यंत्रावर संपूर्ण डंपचा हट्ट परवडत नाही आणि बहुतेक तपासांना फक्त कर्नलच्या मेमरीचा, म्हणजे कर्नल डंप पुरतो. सी वर तेवढीही जागा नसेल, तर रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातील) क्रॅशकंट्रोल या कीखाली डेडिकेटेडडंपफाइल आणि डंपफाइल ही दोन्ही मूल्ये दुसऱ्या स्थानिक डिस्ककडे वळवून सर्व्हर रीस्टार्ट करावा. तयार झालेला डंप नंतर शेड्यूल्ड टास्कने शेअरवर हलवावा. मात्र त्यात पासवर्डही असू शकतात, त्यामुळे शेअरची परवानगी मोजक्यांनाच द्यावी. लिनक्सचे केडंप हे क्रॅश डंपचे साधन राखीव मेमरीत दुसरा कर्नल सुरू करते, म्हणून तेथे एनएफएस प्रकारच्या नेटवर्क शेअरवर थेट लिहिणे जमते.