सोळा वर्षं जुन्या गेमिंग कम्युनिटीच्या साइटचं पुढे काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २००९ मध्ये मित्रांनी मिळून काउंटर-स्ट्राइक १.६ या बंदूकबाजीच्या गेमसाठी साइट काढली. तिच्यावर गेमचे नकाशे (खेळायची मैदानं) आहेत, सेटिंगा आहेत, जुन्या मॅचेसचे निकाल आणि हजारो चर्चा आहेत. आता दिवसाला पाच-सात जण येतात, तेही जुनेच. खर्च तुम्ही एकटे भरता. मग बंद करावी, डिस्कॉर्डवर (गप्पांच्या अॅपवर) न्यावी, की अशीच रेटत राहावी? आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचं काय?

भाऊ, अशाच एका साइटवर मी आठ वर्षं मॉडरेटर होतो. ती गेली. गेम चालू होता, माणसंही बरी होती. डोमेनची, म्हणजे साइटच्या नावाची, मुदत संपल्याची आठवण ज्या मेलवर यायची तो मेल कोणी उघडत नव्हतं, एवढंच कारण. त्यामुळे माझं उत्तर थोडं पोळलेल्या माणसाचं आहे, ते तसंच घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला. २००८ च्या सुमारास दारव्ह्यात एक कॅफे होता. सहा मशिनी, त्यातल्या दोन कायम उघड्या पडलेल्या. आमचं गाव तिथून नऊ किलोमीटर, सायकलवर यायचो. लोडशेडिंग असं की मॅच ठरवायची तर आधी लाइनचं वेळापत्रक बघायचं. कॅफेवाल्या काकांकडे एक इन्व्हर्टर होता. त्यावर फक्त राउटर आणि सर्व्हरची मशीन. लाइन गेली की आम्ही चौघं अंधारात घामाघूम, आणि तिकडे डस्ट टू या नकाशावर कोणी नसताना नकाशाचं घड्याळ आपलं फिरतंय. बीएसएनएलच्या ५०० वाल्या प्लॅनवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड मोजत नसत. म्हणून नवे नकाशे उतरवायचे ते त्याच वेळात. घरी सांगायचं, 'मित्राकडे अभ्यासाले चाललो.' आईले ते कधीच पटलं नाही, पण तिनं कधी अडवलंही नाही.

साइटवर माझ्याकडे 'कमी ताकदीच्या मशिनी' हा विभाग होता. २५६ एमबी रॅम, ऑनबोर्ड ग्राफिक्स, आणि पोत्यासारखा जड मॉनिटर असलेली पोरं तिथं यायची. वणी, पुसद, गोंदिया, तिकडून नांदेडही. सगळ्यांचं दुखणं एकच, मुंबईच्या सर्व्हरवर खेळताना लॅग, म्हणजे गेम अडखळणं. शहरातल्या पोट्ट्यांचं बघून हेही गेमच्या 'रेट' या सेटिंगमध्ये २५००० टाकायचे. मी एकदा बसून साधा हिशोब लिहिला. सेकंदाला २५००० बाइट म्हणजे २०० केबीपीएस. इंटरनेटची लाइन आपली २५६ केबीपीएसची, आणि एका राउटरवर खेळणारे चौघं. एकानंच पाट फोडून सगळं पाणी आपल्या वावरात घेतलं तर बाकी तिघांच्या वावरात धूळच राहणार. प्रत्येकानं ७००० ठेवा, अपडेटरेट कमी करा, चौघांचं भागते. त्या एका चर्चेखाली पुढची सहा वर्षं लोक येऊन 'चाललं भाऊ' लिहून जात होते. माझ्या नावावर आजवर एवढं कौतुक दुसरं कशाचं झालेलं नाही, बारावीच्या निकालाचंही नाही.

आता ती कशी गेली ते सांगतो. साइट काढणारा दादा आखातात नोकरीला गेला. डोमेन त्याच्या नावावर, आणि मेल त्याच्या कॉलेजच्या दिवसांतला. २०१८ च्या जूनमध्ये डोमेन संपलं. डॉट कॉम नाव संपल्या दिवशी हातचं जात नाही. साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या पैशात परत घेता येतं. मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं. मग पाच दिवस काहीच करता येत नाही, आणि नंतर ते कोणालाही मोकळं होतं. म्हणजे आमच्या हातात अडीच महिने होते. आम्ही काय केलं? व्हॉट्सॅपवर एकमेकांना 'साइट डाउन आहे का रे' विचारत बसलो. पोळ्याच्या सुमारास नाव सुटलं, आणि दिवाळीत तिथं रमीची जाहिरात झळकत होती. होस्टिंगचे पैसेही थकले होते. त्या कंपनीनं ठरलेल्या मुदतीनंतर सगळं पुसून टाकलं. बॅकअप दादाच्या लॅपटॉपवर, आणि लॅपटॉप दुबईतल्या कुठल्या तरी भंगारात.

त्याच्या आदल्या वर्षीच आमचे फोटो गेले होते. आम्ही सगळे स्क्रीनशॉट फुकटात ठेवून देणाऱ्या एका कंपनीकडे टाकायचो. तिनं एके दिवशी दुसऱ्या साइटवर फोटो दाखवायला पैसे मागायला सुरुवात केली आणि सगळ्या चर्चांत फोटोच्या जागी करड्या चौकटी आल्या. तेव्हाच जागं व्हायला पाहिजे होतं.

आमच्या गावात भजनी मंडळ होतं, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणायचे. खंजेरी, पेटी आणि एक जाड वही. वही एका आजोबांच्या संदुकीत असायची. आजोबा गेले, पोरांनी जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं, आणि त्या गडबडीत वही कुठं गेली ते कोणालाच ठाऊक नाही. आता महाराजांची भजनं छापील मिळतात, मोझरीला जाऊन कधीही आणा. पण त्या वहीत कोणत्या भजनाला कोणती चाल, कोणी आधी उचलायचं, कुठं थांबायचं, ते समासात पेन्सिलनं लिहिलेलं होतं. तुमच्या साइटचंही तसंच आहे. काउंटर-स्ट्राइक १.६ स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आजही मिळते आणि रोज हजारो लोक खेळतात. समासातलं मात्र फक्त तुमच्याकडे आहे.

म्हणून 'चालू की बंद' हा प्रश्नच मला जरा चुकीचा वाटतो. गप्पा एक गोष्ट, आणि साठलेलं ज्ञान दुसरी. गप्पा हलू द्या. पोरं डिस्कॉर्डवर आहेत, व्हॉट्सॅपवर आहेत, त्यांना ओढून परत आणायचा हट्ट करू नका. नाही येत कोणी, आम्ही दोन वर्षं प्रयत्न करून पाहिला. पण जुना साठा डिस्कॉर्डवर 'हलवायचा' विचार सोडून द्या. तिथल्या चर्चा बाहेरून गूगलवर शोधून सापडत नाहीत. आत असलेल्यालाही दोन वर्षांपूर्वीचं उत्तर सहज हाती लागत नाही. तिथं तोच प्रश्न महिन्यातून चारदा येतो आणि तेच उत्तर चारदा लिहावं लागतं.

तुमच्या बाजूची एक मोठी गोष्ट म्हणजे तुमचा गेम. १.६ चा सर्व्हर कोणीही आपल्या मशीनवर चालवू शकतो, म्हणून २००३ पासून तो टिकला. ज्या गेमचा सर्व्हर फक्त कंपनीकडे असतो, त्याच्या कम्युनिटीचं आयुष्य कंपनीच्या मर्जीवर. युबीसॉफ्टनं २०२४ च्या ३१ मार्चला द क्रू या गेमचे सर्व्हर बंद केले आणि पैसे देऊन घेतलेला गेम लोकांना एकट्यानंही खेळता येईना. याच्या उलटही घडतं. सिटी ऑफ हीरोज हा गेम २०१२ मध्ये बंद झाला, चाहत्यांनी आपले सर्व्हर उभे केले, आणि २०२४ मध्ये मालक कंपनी एनसीसॉफ्टनं त्यांच्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला. एज ऑफ एम्पायर्स टू साठी चाहत्यांनी केलेली भर २०१३ मध्ये अधिकृत झाली आणि तीच मंडळी पुढे २०१९ च्या नव्या आवृत्तीवर कामाला लागली. या लोकांकडे जुन्या फाइली आणि जुन्या नोंदी जपलेल्या होत्या, म्हणून हे जमलं. उद्या तुमच्याकडेही कोणी येईल असं मी म्हणत नाही. पण आलाच, तर द्यायला काहीतरी पाहिजे ना बाप्पा.

काम म्हणाल तर फार नाही, दोन-तीन रविवार जातील. डोमेन आधी बघा. एका वेळी दहा वर्षांपर्यंत भरता येतं. वर्षाला हजार-बाराशेच्या हिशोबानं चार मित्रांत वाटलं तर कोणालाच जड नाही. पासवर्ड दोन भरवशाच्या माणसांकडे द्या, आणि त्यातला एक असा असू द्या जो गाव सोडून कुठं जायचा नाही. मग साइट फक्त वाचण्यापुरती करा, नवी खाती, नवे संदेश बंद. एचटीट्रॅकसारख्या फुकटच्या साधनानं तिची साध्या पानांची प्रत काढता येते. अशा प्रतीला डेटाबेस लागत नाही, जुन्या पीएचपीची कटकट नाही, हॅकरला घुसायला भोक नाही, आणि ठेवायचा खर्च जवळजवळ शून्य. २००९ च्या काळातलं सॉफ्टवेअर तसंच उघडं चालू असेल तर खरं सांगतो, मला त्याचीच जास्त धास्ती वाटते.

प्रत निघाली की सदस्यांचे मेल, पासवर्ड, खासगी निरोप पुसून टाका. त्या काळचे पासवर्ड किती कच्च्या पद्धतीनं साठवलेले असायचे ते तुम्हाला माहीत असेल. शिवाय तेव्हाचे आपले निम्मे सदस्य शाळकरी होते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आणि त्याचे नियमही २०२५ च्या नोव्हेंबरात आले. जी माहिती आपल्याजवळ नाहीच, तिची काळजी नाही.

२०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याचं तुम्ही विचारलं होतं. तो पैसे लावून खेळायच्या गेमवर आहे. ई-स्पोर्ट्सला त्यात उलट प्रोत्साहनच आहे. साइटवर कुठं रमी-बेटिंगच्या जाहिराती राहिल्या असतील तर काढा. वर्गणी गोळा करून जिंकणाऱ्याला वाटायच्या स्पर्धा घेत असाल तर पुढची घेण्याआधी एखाद्या वकिलाला विचारा. बाकी घाबरायचं काही नाही.

हे सगळं कोण वाचणार, असं तुम्हाला वाटत असेल. माझ्या भाच्यालाही वाटलं. मी आता गावात सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, दाखले. बाहेरच्या ओट्यावर दहा पोट्टे माझ्या वायफायवर बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळत बसतात, त्यात हा एक. मागच्या उन्हाळ्यात त्यानं जुना लॅपटॉप घेतला आणि त्यावर १.६ टाकला. दोन दिवसांनी माझ्याकडे आला, 'मामा, माउस सरकवला का बंदूक निस्ती पळते, नेम लागूनच नाही राहिला.' साइट गेली तेव्हा माझ्याकडे साधारण तीनशे पानं उरली होती, ब्राउझरमधून एकेक करून सेव्ह केलेली. ती एका पेनड्राइव्हवर आहेत. म्हटलं, शोध यात. 'येवढं वाचते कोन?' म्हणाला, पण बसला. अर्ध्या तासानं २०११ ची एक नोंद सापडली: लॉन्च ऑप्शनमध्ये (गेम सुरू करतानाच्या सूचनांत) दोन शब्द टाकायचे, मग गेम माउसवर आपला वेग लादत नाही. टाकले, आणि लागला नेम. लिहिणारा पुसदचा कोणीतरी होता. भाचा विचारत होता, त्याले थँक्स कुठं म्हनायचं?

पण त्या तीनशे पानांत एक गोष्ट नाही, आणि हे उत्तर लिहायला बसलो ते खरं तर तिच्यासाठी. दिग्रसच्या एका पोट्ट्यानं हॅमर एडिटर या नकाशे बनवायच्या साधनात दारव्ह्याच्या शकुंतला स्टेशनचा नकाशा केला होता. विलायतेतल्या कंपनीची म्हणून गाजलेली ती मूर्तिजापूर-यवतमाळ छोटी गाडी, आता धावत नाही. त्यानं दगडी इमारत, फलाटावरचा निंब, पाण्याची टाकी, रुळापलीकडची झुडपं, सगळं पायांनी मोजून बसवलं होतं. गेममधला बॉम्ब ठेवायची एक जागा तिकिटाच्या खिडकीशी आणि दुसरी मालाच्या डब्याजवळ. खिडकीचं दार लागत नसे, खऱ्या स्टेशनातही ते तसंच लोंबत असायचं. फाइल लॉगिनच्या आत होती, म्हणून जुन्या साइटांच्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्येही ती गेली नाही. करणाऱ्याकडे विचारलं, त्याची हार्डडिस्क कधीच गेली.

त्या काळी नकाशे इकडून तिकडे फिरायचे. तुमच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये 'डीई' नं सुरू होणारी आणि पुढे शकुंतला किंवा दारव्हा असं काही लिहिलेली बीएसपी (म्हणजे नकाशाची) फाइल आहे का, तेवढं एकदा पाहता का? दोन एमबीच्या आतबाहेर असेल. सापडली तर इथं खाली कळवा, मी पेनड्राइव्ह घेऊन येतो, तुम्ही कुठंही असा.