सातबारा अजून यांच्याच नावावर आहे

*पत्र : माझे मिस्टर जाऊन सव्वा वर्ष झालं. आम्ही शहादा तालुक्यातले, तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. हे प्रभूजवळ आहेत, तिथं आमची भेट होणार, हा माझा पक्का विश्वास. पण त्यामुळेच इथलं काही करावंसं वाटत नाही. सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. मुलगा म्हणतो, वारस नोंद करून घेऊ, केळी लावू. मला वाटतं, आता कशाला? मलाही लवकर बोलावणं यावं. आणि रडू आलं की मंडळीतल्या (चर्चमधल्या) बाया म्हणतात, आशा असलेली माणसं रडत नाहीत. – एक बहीण*

ताई, जय ख्रिस्त.

आधी त्या बायांचं बघू. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेलं त्या अर्धंच सांगतात. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका, असं तो म्हणतो. खेदच करू नका, असं कुठे म्हणतो? मेलेल्या लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी तो रडला. उपासनेत गाता गाता गळा दाटला तर दाटू द्या. कुणी बोललंच तर हीच गोष्ट असलेला योहानाचा अकरावा अध्याय काढून पुढ्यात ठेवा. (मी तर मोठ्याने वाचूनही दाखवला असता, पण माझा स्वभाव भांडखोर.)

आता सातबारा. त्यासाठी यिर्मया संदेष्ट्याचा बत्तिसावा अध्याय वाचा. यरुशलेमला बाबेलच्या फौजेचा वेढा, यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात अटकेत, आणि नगर पडणार हे तोच सांगत होता. अशात चुलतभाऊ येऊन म्हणतो, माझं अनाथोथातलं शेत विकत घे. यिर्मया १७ शेकेल चांदी तोलून देतो, खत लिहून सही-शिक्का करतो, साक्षीदार घेतो आणि कागद पुष्कळ दिवस टिकावेत म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला लावतो. या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील, हे देवाचं वचन त्याच्यापाशी होतं. पुढचं पक्कं ठाऊक होतं म्हणूनच त्याने आजचा कागद नीट केला. तुमची आशा त्याच्यापेक्षा मोठी आहे, मग तलाठ्याकडे जायला का अडावं?

यजमानांचं नाव उताऱ्यावरून निघेल, हेच तुम्हाला सोसवत नसावं, असं मला पत्र वाचताना वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. पण त्यांचं नाव टिकवायला तो उतारा लागत नाही, आणि मुलाला मात्र पीककर्जासाठी तो लागतो.

बोलावण्याविषयी लिहिलंत, ती ओळ मी दोनदा वाचली. निघून ख्रिस्ताजवळ असणं अधिक बरं, असं पौलानेही फिलिप्पैकरांना लिहिलं, पण तुमच्यासाठी मागे राहणं जास्त गरजेचं, असंही लगेच पुढे लिहिलं. ओढ असणं वेगळं. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर ते दुखणं आहे आणि दुखण्याला उपचार असतात. आजच मुलाशी बोला, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. पाळकसाहेबांनाही सांगा, पण नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका.

वारस नोंदीच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, आधार आणि रेशनकार्ड जवळ ठेवा. सगळ्या वारसांची नावं द्या, लग्न झालेल्या लेकीचंसुद्धा. आपल्याकडे तीच हमखास गळते. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मुलाला केळीची कांदेबाग (पावसाळ्यानंतरची लागवड) लावायची असेल तर ऑक्टोबर गाठावा लागेल, रोपंही आधी सांगून ठेवावी लागतील. तेव्हा याच आठवड्यात जा, आणि मुलाबरोबर तुम्ही स्वतः जा.