वाचकांचे प्रश्न : कमावती मुलं आणि जेवणाचं आमंत्रण

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. बारावी करता करता नौपाड्यातल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात दुपारी टॅलीमध्ये नोंदी करतो. सरांनी सगळ्या स्टाफला शनिवारी रात्री ८ वाजता घोडबंदर रोडवरच्या घरी जेवायला बोलावलंय. एकट्याने कुणाकडे जेवायला जायची त्याची ही पहिलीच वेळ. काय न्यावं, कसं वागावं?
— एक आई, घणसोली

उत्तर : होकार आजच कळवू दे, आणि पथ्य असेल तर तेही त्याच निरोपात. शनिवारचा उपास किंवा दाण्याची ॲलर्जी पानावर बसल्यावर सांगितली तर करणाऱ्याची धांदल उडते. दाण्याचं कूट आपल्याकडे कोशिंबिरीपासून भाजीपर्यंत सगळीकडे असतं, आयत्या वेळी ते काढता येत नाही.

माजिवडा, कापूरबावडीला संध्याकाळी गाडी अडकते, म्हणून ठाणे स्टेशनपासून पुढे एक तास हाताशी ठेवावा. ८ च्या आधी बेल वाजवू नये, तेव्हा घरात शेवटची आवराआवर चाललेली असते. सव्वाआठपर्यंत पोहोचलं तरी चालतं, त्याहून उशीर होणार असेल तर फोन करावा. विंग आणि फ्लॅट नंबर लिहून घ्यावा, गेटवर तो विचारतातच. मोजे धुतलेले हवेत, कारण चपला-बूट दाराशीच काढायचे असतात.

हातात पाव किलो पेढे किंवा थोडी फळं पुरेत. घरात कुणाला मधुमेह आहे का ते माहीत नसेल तर फळंच बरी. महागाची वस्तू नको, सरांनाच अवघडल्यासारखं होतं. पुडा सरांच्या पत्नीच्या हातात द्यावा. बाकीचा स्टाफ त्यांना वहिनी म्हणत असला तरी १७ वर्षांच्या मुलाने ‘काकू’ म्हणावं.

पानावर नवखी मुलं हमखास चुकतात ती एका बाबतीत : संकोचाने सगळं वाढून घेतात आणि मग टाकतात. पहिल्या वाढीलाच ‘अर्धीच वाढा’ म्हणावं, आवडलं तर पुन्हा मागावं. पुन्हा मागितलेली भाजी करणाऱ्याला जितकी सुखावते तितकं दुसरं काही नाही. सगळ्यांना वाढून होईपर्यंत आणि ‘करा सुरुवात’ म्हणेपर्यंत थांबावं. उजव्या हाताने जेवत असताना वाटी, पळी, पाण्याचा तांब्या डाव्या हाताने घ्यावा, उष्टा हात भांड्याला लागू नये. पोट भरलं की पानावर आडवा हात धरून ‘आता खरंच नको’ एवढं पुरतं. आपलं आधी झालं तरी इतरांचं होईपर्यंत उठू नये. फोन खिशात राहू दे, मांडीवर ठेवला तरी डोळे तिकडेच जातात.

आणखी एक गोष्ट त्याच्याशी आधीच स्पष्ट बोलून ठेवा. अशा जेवणांत कधी बिअरचा ग्लास पुढे येतो. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी किमान वय २१, कडक दारूसाठी २५. ‘नको सर, सरबत चालेल,’ हे वाक्य घरी दोनदा म्हणून बघावं. कारण देत बसू नये. कारण दिलं की आग्रह वाढतो.

जेवणानंतर अर्ध्या तासाने, काकूंना सांगून निघावं. परतीची लोकल आधीच बघून ठेवावी. सकाळी आभाराचा मेसेज करताना एखाद्या पदार्थाचं नाव घ्यावं.

प्रश्न : मुलगी १६ वर्षांची, अकरावीत आहे. ठाण्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरसाठी व्हिडिओ एडिट करते. आता ते रिसेप्शनलाही बोलावतात, रात्रीचे ११ वाजतात. करू द्यावं का?
— ऐरोलीचे एक वाचक

उत्तर : एडिटिंग करू द्या, रात्रीचं रिसेप्शन नाही. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याचं नसलेलं काम करता येतं, पण कायद्याने वेळ बांधून दिली आहे : विश्रांती आणि ताटकळणं धरून दिवसाला ६ तास, सलग ३ तासांनंतर किमान १ तास सुट्टी, आठवड्याला एक दिवस रजा, ओव्हरटाइम नाही, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ काम अजिबात नाही. फोटोग्राफरना हे सरळ सांगा.

पैशांचं बोलणं तुम्ही करा. १८ पूर्ण नसलेल्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य धरला जात नाही, म्हणून कागदावर पालकाची सही हवी. त्यात किती मिनिटांचा व्हिडिओ, किती वेळा दुरुस्ती, किती तारखेला पैसे, हे लिहा. भांडणं होतात ती बहुतेक दुरुस्त्यांवरून : ‘थोडं बदल’ म्हणत चौथ्यांदा काम परत येतं. दोन दुरुस्त्या मोफत, पुढे दर वेळी पैसे, असं आधीच ठरवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या. खातं तिच्या नावाचं असू दे, १० वर्षांवरील मुलांना ते स्वतः चालवता येतं. मुलांचं उत्पन्न एरवी आईवडिलांच्या उत्पन्नात धरतात, स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं धरत नाहीत. त्यासाठी तिचं पॅन काढून ठेवा. आणि कॉलेजची ७५ टक्के हजेरी सांभाळा. ती बुडाली तर परीक्षेला बसण्याची पंचाईत होते.

प्रश्न : आमचा १८ वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून कामाला लागला. जेवायला आलेले पाहुणे त्याला पगार विचारतात, तो उठून जातो.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : उत्तर त्याच्या आधी तुम्ही द्या : ‘पगार त्याचा त्याला माहीत. काय शिकतोय ते विचारा, छान सांगतो.’ पाहुण्यांनो, कमावत्या मुलाला पगार आणि पुढच्या शिक्षणाबद्दल चारचौघांत छेडू नका. दिवस कसा जातो, हाताखाली कोणतं मशीन असतं, चूक झाली तर कोण सांभाळून घेतं, हे विचारलंत तर तो दुसऱ्या पोळीपर्यंत पानावरून हलणार नाही. आणि आईवडिलांनीही पाहुण्यांसमोर त्याच्या कमाईचा आकडा सांगू नये, अभिमानाने सुद्धा.