दिवाळी आणि सुकती

प्रश्न : मी लातूरची. रत्नागिरीत किनाऱ्यावरच्या समुद्री शैवालांवर पीएच.डी. करते. अमावास्येच्या उधाणात कातळावर जाऊन नमुने घ्यायचे असतात, शिवाय प्रयोगशाळेत काचेत वाढवलेलं सूक्ष्मशैवाल रोज बघावं लागतं. त्यामुळे यंदाही दिवाळीला घरी जाता येणार नाही. कामाबद्दल तक्रार नाही, पण घरून फोन आला की रडू येतं. इथे राहून सणाचं सुख कुठून आणायचं? – एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचलं आणि आधी पंचांग काढलं. आपल्या किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्दशीला साडेदहाला. सुकती, म्हणजे पुरती ओहोटी, त्याच्या सहाएक तास आधी. म्हणजे नरक चतुर्दशीची सुकती येते पहाटे चार-साडेचारला, ऐन अभ्यंगस्नानाच्या वेळी! मिऱ्याच्या कातळावर तेव्हा मिट्ट काळोख. त्या वेळी बॅटरी घेऊन तिथे शैवाल मोजत बसणं मला मुळीच पटत नाही. ओहोटी सर्वांत खोल जाते ती अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी, पाडवा-भाऊबीजेच्या सुमारास, आणि तोवर सुकतीची वेळ सरकत उजाडण्यापर्यंत येते. खालच्या पट्ट्यातलं शैवालही तेव्हाच जास्त उघडं पडतं. भरती-ओहोटीचं कोष्टक मार्गदर्शकांपुढे ठेव आणि नमुने त्या सकाळी घे.

चतुर्दशी मग तुझी. खोबरेल कोमट करून अंगाला चोळ, उटणं लाव. बाजारात कारीट नावाचं छोटं कडू फळ मिळतं, ते तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने फोड. लातुरात हे करत नसतील, पण तू आता आमच्याकडची आहेस. त्या सकाळी कोळाचे पोहे हवेतच. जाडे पोहे धुऊन निथळत ठेवायचे. नारळाचं घट्ट दूध, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, हिरवी मिरची एकत्र करायचं, वर तुपात जिऱ्या-हिंगाची फोडणी आणि कोथिंबीर. पोहे वाडग्यात घेऊन त्यावर हा रस ओतायचा आणि लगेच खायचे. फोडणीपुरती लहानशी शेगडी पुरते. शेजारच्या खोलीतली मुलगी झोपली असेल तरी हाक मारून उठव, हे पोहे एकटीने खायचे नसतात.

पाडव्याचं तेल मात्र कातळावरून परतल्यावर. तेलकट पाय शेवाळावर घसरतात आणि तेलकट हात नमुन्यांना चालत नाहीत.

काचेतल्या शैवालाचं सांगते. वसुबारसेच्या आधी थोडं शैवाल ताज्या द्रावणात घालून नवी लावणी करून टाक. मूळ साठा मंद उजेडात, जरा थंड जागी ठेवला की वाढ हळू होते आणि रोज हात लावावा लागत नाही. जे रोज बघावंच लागतं, त्याच्या पाळ्या रत्नागिरीतच घर असलेल्या सहकाऱ्याशी वाटून घे. त्याच्या बदल्यात गणपतीत त्याची पाळी तू कर. कोकणातल्या माणसाला गणपतीची सुट्टी दिवाळीहून मोलाची, तो नाही म्हणायचा नाही. हे मागताना संकोच नको. प्रयोगशाळा अशाच देवाणघेवाणीवर चालतात, आणि चांगल्या चालतात.

आईने पाठवलेला फराळ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव, या खाऱ्या हवेत चिवडा लगेच सादळतो. प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये खाण्याचं काही ठेवू नकोस, कितीही मोह झाला तरी.

आणि भाऊ असेल तर त्याला इकडे बोलाव. दरवेळी तूच का जायचं? पाडव्याला पोचला तर भाऊबीजेच्या सकाळी कातळावर घेऊन जा. तिथे एकटीने जायचंच नसतं, नोंदी लिहून घ्यायला आणि पाणी फिरलं की सांगायला दुसरं माणूस लागतंच. ओवाळणं परत आल्यावर. फक्त चांगली पकड असलेले बूट आणायला सांग.